गेली का?

रकाना एक : अपघातग्रस्त व्यक्तीचे नाव.

या रकान्यात जपूनरावांनी आजवर चारशेच्या वर नावं लिहिली होती, आणि सगळी दुसऱ्यांची. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. कुणाचं बोट चेंगरलं, कुणाच्या पायावर पत्रा पडला, की बारा रकान्यांचा हिरवा अर्ज घेऊन ते हजर. जपूनराव हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जिना उतरणाऱ्याला ‘जपून’, चहा पिणाऱ्याला ‘जपून’, आणि एकदा निवृत्त होणाऱ्या मोठ्या साहेबांच्या निरोपाच्या भाषणाची सुरुवातच त्यांनी ‘जपून’ अशी केली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. कारखान्यातून ते घरच्या सोसायटीपर्यंत चालत आलं. वाटेत कुठेही न घसरता.

रविवारी दुपारी जपूनरावांनी कोऱ्या हिरव्या अर्जावर पेन टेकवलं आणि परत उचललं. स्वतःचं नाव लिहायला हात धजेना. शिवाय अंगठ्याला मलम होतं. ते पुढच्या रकान्याकडे वळले.

रकाना दोन : घटनेचे कारण.

दिव्याचं बटण.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं, पण कारणालाही कारण असतं. तीन आठवड्यांपूर्वी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उजेड सौम्य ठेवा. आईच्या खोलीतल्या दिव्याला सौम्य हा प्रकार माहीत नव्हता. लागला की दुकानासारखा लख्ख, नाहीतर मिट्ट काळोख. संध्याकाळी जपूनराव घरी यावेत तर आई काळा चष्मा लावून अंधारात बसलेली. एकदा स्टूल आडवं आलं आणि ती धडपडली. लागलं काही नाही, पण जपूनरावांनी ते स्टूल त्याच रात्री माळ्यावर टाकलं.

आणि बुधवारी चहा पिताना आई सहज म्हणाली, “मी म्हणते, थोडे दिवस मोठ्याकडे जाऊन येते.”

मोठ्या म्हणजे जपूनरावांचे दादा. दादांकडे दिवे फोनवर बोट फिरवलं की मंद होत. दादांचा लगेच फोन आला, “रविवारी अकराला गाडी घेऊन येतो. आईचं सामान भरून ठेव, छोट्या.”

आता ‘थोडे दिवस’ म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, पण जपूनरावांना कळत होतं. कारखान्यात मागच्या जिन्याचा कठडा तुटला तेव्हा ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून दोरी बांधली होती. त्या दोरीला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी तिला रंग देतात.

आई गेली की परत येणार नाही. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. एवढंच म्हणाले, “आईच्या खोलीत डिमर बसवू. गोल बटण असतं, फिरवलं की दिवा हवा तेवढा कमी होतो. रविवारच्या आत बसवू. म्हणजे जायचं कारणच उरणार नाही.”

“हं,” आई म्हणाली. तिच्या काळ्या चष्म्यामुळे या ‘हं’चा अर्थ कळला नाही.

रकाना तीन : कामापूर्वी परवानगी घेतली होती काय?

घेतली होती. म्हणजे मागितली होती.

सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त पोस्टमास्तर होते. जपूनरावांचा अर्ज त्यांनी हात लांब करून वाचला. “साधे बटण काढून मंद बटण बसविणे. मंद म्हणजे? दाबल्यावर उशिरा लागतं का?”

“नाही. त्याने दिवा मंद होतो.”

“मग दिवा मंद असं लिहा. बटणाला कशाला नावं ठेवता?”

जपूनरावांनी दुसरा अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “इथे सक्षम अधिकाऱ्याची सही लागेल. सुरक्षेचं काम बघणारा कुणीतरी. असेल की तुमच्या ओळखीत.”

“मीच आहे.”

“मग करा.”

“स्वतःच्या कामाला स्वतः कशी करू? उद्या मीच चुकलो तर मला जाब कोण विचारणार?”

“घरी कुणी नाही का?”

या प्रश्नाला उत्तर देणं जपूनरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी सेक्रेटरींनी अर्जावर ‘पाहिले’ असा शिक्का मारला. “मंजूर म्हटलेलं नाही हां. काही झालं तर मी फक्त पाहिलं होतं.”

जपूनरावांना पहिल्यांदाच या माणसाबद्दल आदर वाटला. इतकं मोजून घाबरणारा माणूस त्यांनी आरशाबाहेर पाहिला नव्हता.

रकाना चार : काम प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घेतले काय?

शुक्रवारी संध्याकाळी वायरमन आला. कानावर पेन्सिल, आणि चपला रीतसर दाराबाहेर काढून अनवाणी आत.

“चपला घाला,” जपूनराव म्हणाले.

“घरात?”

“घरातच. विजेचं काम आहे.”

वायरमनने समोर बसलेल्या आईकडे पाहिलं. “म्हाताऱ्या माणसासमोर चपला घालून फिरू? माझी आई मला बडवेल.”

तो तसाच आत गेला, बोर्डाची पट्टी उघडली आणि एक वायर दातात धरून सोलू लागला. जपूनराव कागद घेऊन पुढे धावले.

“अहो, मेन बंद केलाय का?”

“कशाला? पंखा बंद पडेल. आईंना उकडेल.”

“ते तोंडातून काढा आधी. आणि हा काम-परवाना भरा. इथे सही. इथे रक्तगट.”

वायरमनने वायर तोंडातून काढली, पट्टी परत लावली आणि पिशवी खांद्याला अडकवली. “साहेब, बावीस वर्षं हे काम करतोय. लाइटीची कधी भीती वाटली नाही. तुमची वाटायला लागली.”

शनिवारी सकाळपर्यंत गावातल्या सगळ्या वायरमनना रक्तगटाची गोष्ट कळलेली होती. एकाने फोनवर “रक्त देण्याचं काम मी करत नाही” असं सांगितलं.

रकाना पाच हिरव्या अर्जात नाही. छापखान्याने चारनंतर थेट सहा छापला आणि गेली एकोणीस वर्षं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. म्हणून बायकोचं म्हणणं इथे घातलेलं बरं, कारण एरवी त्याला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. रोज चाळीस मुलांना बॅटरी, बल्ब आणि वायरी जोडून द्यायच्या, परत सोडवून डब्यात भरायच्या, हे तिचं काम.

“दोन वायरी आहेत,” ती म्हणाली. “बटणातून काढायच्या, डिमरला लावायच्या. दहा मिनिटांचं काम. द्या इकडे.”

“तू हात लावायचा नाहीस.”

“का?”

“काही झालं तर?”

“आणि तुम्हाला झालं तर?”

“माझा विमा आहे.”

“माझाही आहे. तुम्हीच उतरवलाय. तुमच्यापेक्षा मोठा.”

विमा उतरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतली आम्लाची बाटली आली होती, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात समोरच्या बाई आल्या. समोरच्या बाई दोन मिनिटांसाठी येत आणि दारातच उभ्या राहत. बसत नसत, कारण बसलं की वेळ जातो. दारात उभं राहून त्यांचा दीड तास जाई. “भाऊजी, डिमर कशाला? आमच्या मेहुण्यांनी पंख्याचा रेग्युलेटर लावलाय दिव्याला. छान चालतो. जरा फडफडतो एवढंच. त्यांना आता झटके येतात, पण ते त्यामुळे नाही म्हणतात डॉक्टर.”

जपूनरावांनी हे वहीत लिहून घेतलं.

शनिवार दिवसभर असा गेला : डिमर आणला, तर दुकानदार म्हणाला साध्या बल्बला चालणार नाही, वेगळा बल्ब लागतो. वेगळा बल्ब आणला, तर डिमर भिंतीतल्या पेटीत मावेना. पेटी उथळ आणि डिमरची पाठ जाड. मग मेन बंद करून, बायकोला मेनपाशी पहाऱ्यावर बसवून, छिन्नीने पेटीची जागा खोल करायला घेतली. तिसऱ्या घावाला हाताच्या पंजाएवढं प्लास्टर खाली आलं आणि चौथ्या घावाला सेक्रेटरी वर आले.

“अर्जात भिंत नव्हती,” ते म्हणाले.

भिंतीचा वेगळा अर्ज झाला. त्यावरही ‘पाहिले’.

आई हे सगळं बाहेर खुर्चीत बसून ऐकत होती. तिची बॅग कोपऱ्यात भरून तयार होती. जपूनराव जाता-येता त्या बॅगेकडे बघत नव्हते, आणि बघत नसल्यामुळे दोनदा तिला अडखळले.

रकाना सहा : सुरक्षा साधने वापरली होती काय?

होय. रबरी गमबूट. खाली रबरी चटई. कोपरापर्यंतचे हातमोजे. वेल्डिंगचा काळा चष्मा. शेजारी वाळूची बादली. वाळू मिळाली नाही म्हणून कुंडीतली माती, आणि घाईत रोपासकट.

“कुठे निघालास?” आईने विचारलं.

रकाना सात : घटनेचे सविस्तर वर्णन. (संभाषण असल्यास जसेच्या तसे लिहावे.)

रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. जपूनराव आईच्या खोलीत उघड्या बोर्डापुढे उभे. मेन स्विच फ्लॅटच्या दाराबाहेर, जिन्यालगतच्या पेटीत, तिथे बायको. मधे बोळ, म्हणून एकमेकांना दिसत नव्हती, ओरडून बोलत होती.

“सुरू करू का?”

“थांबा, समोरची आलीय.”

समोरच्या बाईंना मेहुण्यांबद्दल आणखी काहीतरी आठवलं होतं. जपूनराव चष्म्याच्या अंधारात उभे राहिले. हातमोज्यांत घाम साचत होता. अकराला दादा येणार. दहा वाजून अठ्ठावीस. तीस. घामातूनही वीज वाहते हे त्यांना माहीत होतं. मग बाहेर ‘खट्’ असा आवाज झाला.

कारखान्यात या वेळी एकच वाक्य विचारायचं असतं : “वीजपुरवठा खंडित झाला आहे काय?” आणि एकच उत्तर : “होय, वीजपुरवठा खंडित झाला आहे.” पण घरात असं कोण बोलतं? घरात लाइट जाते. शेजारीणही जाते. दोघींना एकच क्रियापद पुरतं.

“गेली का?” जपूनरावांनी विचारलं.

“गेली,” बायको म्हणाली.

“नक्की?”

“हो, आत्ताच. दार लावून घेतलं.”

दार म्हणजे मेनच्या पेटीचं झाकण, जपूनरावांनी ताडलं. चांगली सवय.

तीनदा विचारायचं हा नियम होता. “मधेच परत येणार नाही ना?”

“आता संध्याकाळपर्यंत तरी नाही.”

जपूनरावांना भरून आलं. इतकी ठाम ग्वाही कारखान्यात कुणी दिली नव्हती. त्यांनी टेस्टर वायरीला टेकवला. टेस्टरमधला इवलासा दिवा इमानेइतबारे लागला. वेल्डिंगच्या चष्म्यातून तो दिसला नाही. जपूनरावांनी समाधानाने मान हलवली. स्क्रू बारीक होता आणि मोजा जाड. त्यांनी फक्त उजव्या हाताचा मोजा काढला.

बाहेर बायको पेटीचं झाकण उघडून मेनला हात घालत होती. आणखी तीन सेकंद मिळाले असते तर ही गोष्ट घडलीच नसती.

स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि शेजारच्या प्लगच्या वायरीलाही टेकला.

वेल्डिंगच्या चष्म्यातूनही दिसेल असा निळा-पांढरा जाळ झाला. जपूनराव ओरडले नाहीत. ते मागच्या मागे बादलीतल्या मातीवर बसले. खाली, तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून ‘फट्’ असं उत्तर आलं. हॉलमधला पंखा थांबला. शेजारचा रेडिओ थांबला. जिन्याखालचा पंप थांबला. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधून कुठूनतरी, एका जाड, ओळखीच्या आवाजात कुणीतरी विचारलं, “अरे, लिफ्ट का थांबली?”

दादा वीस मिनिटं लवकर आले होते.

रकाना आठ : नुकसान.

उजवा अंगठा व पहिलं बोट, टोकाला काळं. स्क्रू-ड्रायव्हर एक. संपूर्ण इमारतीची वीज. मोठा भाऊ एक, मजल्यांच्या मधे. आणि कुंडीतलं एक रोप, जे मनीप्लँट होतं हे बायकोने नंतर सांगितलं तेव्हा त्यांना कळलं.

“मी समोरचीबद्दल बोलत होते,” बायको दारात उभी राहून म्हणाली. तिने त्यांचा हात हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला, नळाखाली धरला, आणि मगच बोलली, “आणि म्हणे तू हात लावायचा नाहीस.”

रकाना नऊ : साक्षीदार.

जपूनराव हॉलमध्ये आले तर आईची खुर्ची रिकामी. चष्मा नाही, आई नाही. त्यांनी बाथरूम पाहिलं, गॅलरी पाहिली, आणि ओल्या हाताने जिन्यात धावले.

“आई? आई कुठे आहे?”

समोरच्या बाईंचं दार उघडलं. त्यांनी पदर तोंडाला लावलेला होता. धुराच्या वासामुळे, पण ते जपूनरावांना कुठून कळणार?

“गेल्या त्या, भाऊजी.”

जपूनरावांचे पाय खरोखर गेले. कठड्याला धरून ते खाली बसले. वीज जिन्यातून पसरते का, झटका ऐकून हृदय थांबतं का, असं सगळं त्यांच्या डोक्यातून एकदम गेलं, आणि त्यानंतर काहीच नाही.

“लिफ्टपाशी,” बाई पुढे म्हणाल्या. “एक मजला खाली. मी म्हटलं हात देते, तर नको म्हणाल्या.”

ते बसूनच तीन पायऱ्या उतरले.

लिफ्टला जाळीचं दार होतं. त्या तिसऱ्या मजल्याच्या जमिनीवर दादांचं डोक्यापासून छातीपर्यंतचंच शरीर दिसत होतं, एखाद्या संग्रहालयातल्या पुतळ्यासारखं. आई समोरच्या पायरीवर बसली होती. काळा चष्मा तिच्या मांडीवर होता.

“आई, तू कशाला उतरलीस? छोट्या कुठाय?” दादा विचारत होते.

“हात धूत असेल. तू बरा अडकलास. एरवी तू बसून ऐकत नाहीस.”

“अगं, तुझ्या खोलीत दिवे लावलेत. एकदम मंद. डोळ्याला काही त्रास नाही.”

“डोळ्याला काही नाही रे आता. डोळा पहिल्याच आठवड्यात बरा झाला.”

“मग अंधारात का बसतेस? छोट्या फोनवर रडकुंडीला आलेला.”

आईने मांडीवरचा चष्मा पदराने पुसला. वर तिसऱ्या पायरीवर जपूनराव ऐकत होते.

“दिवा लावला की दाराखालून उजेड बाहेर जातो,” ती म्हणाली. “उजेड दिसला की तो आलाच. आई, काय झालं? आई, बरं वाटत नाही का? एकदा तर रक्तदाबाचं यंत्र घेऊन आला. मी शब्दकोडं सोडवत होते. पट्टा बांधला, हवा भरली. आडवा सातवा शब्द सुचत आला होता तो गेला. मग मी दिवाच लावायचं सोडलं. अंधारात कोडं सुटत नाही, पण कुणी येत तरी नाही.”

“मग चल की माझ्याकडे. तिथे निवांत.”

“तेच म्हणते. तुझ्याकडे विचारायला कुणी घरी नसतंच.”

दादांनी लिफ्टचं बंद बटण पुन्हा दाबून पाहिलं. लिफ्टमध्ये दुसरीकडे बघायला जागाही नव्हती.

जपूनराव उठले आणि आवाज न करता वर गेले. पायरी गार आहे, आईने तिथे बसू नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते त्यांनी गिळलं. जड गेलं.

आईच्या खोलीत बायको पट्टीचा शेवटचा स्क्रू पिळत होती. सुरीने.

“हे काय?”

“अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेलीय. याहून सुरक्षित वेळ कुठली? झालं.”

“मला बोलवायचं होतंस.”

“तुम्ही नव्हतात म्हणून झालं,” ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून जवळ आली. “दुखतंय का हो?”

“अंगठा नाही,” जपूनराव म्हणाले.

रकाना दहा आणि अकरा कार्यालयीन उपयोगासाठी.

मीटरच्या खोलीतला फ्यूज बदलायला तोच वायरमन आला. “रक्तगटवाले साहेब वर आहेत ना? मग मी खालूनच जातो,” असं सेक्रेटरींना सांगून, काम करून, तो गेला. सेक्रेटरींनी त्याचं काम पाहिलं.

रकाना बारा : पुन्हा असे घडू नये म्हणून काय करणार?

लाइट आली. लिफ्ट आली. दादा आले, आणि पहिल्यांदाच घाई न करता खुर्चीत बसले.

आई आपल्या खोलीत गेली. नव्या गोल बटणाभोवती भिंतीचं प्लास्टर कुरतडल्यासारखं उघडं होतं. तिने बटण फिरवलं. दिवा लख्ख झाला, कमी झाला, आणखी कमी झाला. खालच्या टोकाला डिमर बारीक गुणगुणायला लागला. तिने खिडकी लावली, पडदा ओढला.

“सगळे बाहेर व्हा जरा,” ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

बोळात दिवसाही अंधार असे. तिघं तिथे उभी राहिली. दाराखालून पिवळ्या उजेडाची पट्टी फरशीवर आली होती.

“छोट्या,” आतून आवाज आला. “उजेड दिसतोय का रे बाहेर?”

त्या हाकेतून जपूनरावांना सगळं समजलं. आपण जिन्यात होतो हे तिला माहीत होतं. आणि नुसतं ‘नाही’ म्हटलं, तर पट्टी तशीच राहील. रोज संध्याकाळी आपल्याला दिसेल, आई जागी आहे, ठीक आहे, एवढं तरी कळेल. त्यांनी बॅगेकडे पाहिलं. दादांच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं.

“दिसतोय,” ते म्हणाले.

आत बटण फिरलं. पट्टी बारीक झाली. “आता?”

उभ्याने नीट दिसेना. जपूनराव गुडघ्यांवर बसले. “थोडा.”

“आता?”

त्यांनी फरशीला गाल टेकवला. फटीच्या अगदी कडेला, केसाएवढी रेघ होती. ती सांगितली नसती तरी कुणाला कळलं नसतं.

“कडेला किंचित.”

गुणगुण आणखी खाली गेली. रेघ विझली. फटीपलीकडे आता आई बसलीय की उभी, दिवा आहे की नाही, काहीच सांगता येत नव्हतं.

“आता?”

“नाही,” जपूनराव म्हणाले. “आता काहीच दिसत नाही.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कागदाची पानं उलटल्याचा.

“मोठ्या, तू जा आता,” आई आतून म्हणाली. “जाताना बॅग तेवढी आत सरकव. पुढच्या महिन्यात येईन तुझे दिवे बघायला.”

दादांनी बॅग सरकवली. बायकोने चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघराची वाट धरली. जपूनराव तसेच फरशीवर होते. गार होती. आतून आता काहीच आवाज येत नव्हता, पानाचा नाही, खुर्चीचा नाही, आणि त्यांची बोटं, चांगल्या हाताची, दारावर टकटक करायला आपोआप वर गेली आणि तिथेच थांबली.

बराच वेळ झाला.

“अजून दाराशीच आहेस ना?” आईने विचारलं.

“नाही,” जपूनराव म्हणाले.